चार सेकंदांची खाण

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला आमच्या पार्कात सगळे 'खाणमालक' म्हणायचे. त्यांच्या मालकीचं तिथे काडीचंही नव्हतं. हजेरीपत्रकात नावापुढे 'रंगारी' असं लिहिलेलं होतं, आणि त्या एका शब्दावरून त्यांनी आजवर तीन साहेबांशी हुज्जत घातली होती. "रंगारी भिंत रंगवतो. मी भिंत नाहीशी करतो," असं ते म्हणायचे. तिन्ही साहेब हो हो म्हणाले आणि शब्द तसाच राहिला.

मी त्याच पार्कात फिटर. ही नोकरी मला दादांनीच लावून दिली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, माझा कारखाना बंद पडला होता आणि मी सासऱ्यांसमोर जायचं टाळत होतो, त्या दिवसांत दादा मला स्कूटरवर मागे बसवून मोठ्या साहेबांकडे घेऊन गेले. "हात सोन्याचा आहे, तोंड तेवढं कडू आहे," अशी माझी ओळख करून दिली. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना ते ध्यानात असलेलं बरं.

पार्कात 'खाणगाडी' नावाची राईड होती. अजून आहे. सहा डब्यांची गाडी साखळीने वर चढते, तिथून खाली कोसळते, मग सात वळणं, एकूण एक मिनिट आणि चाळीस सेकंद. रूळ, साखळी, मोटर आणि ब्रेक माझ्याकडे. बाकी सगळं दादांचं. बाकी म्हणजे खाण. मी आलो तेव्हा तिथे नुसती पत्र्याची शेड होती आणि आत लोखंडी सांगाडा. त्यात दादांनी तारेच्या जाळीवर सिमेंट थापून खडक उभे केले, खडकांना चिरा पाडल्या, चिरांतून पाणी झिरपवलं. लाकडी टेकू रचले, त्यातला एक मुद्दाम मोडका. हे सगळं पार्क बंद झाल्यावर आणि उघडण्याआधीच्या तासांत, अकरा वर्षं. रांग जिथून आत वळायची तिथे ओली पोती टांगलेली असायची, मातीचा वास यावा म्हणून. खोल कुठूनतरी कुदळीचा आवाज यायचा. तो त्यांनी स्वतः लोखंडावर घाव घालून रेकॉर्ड केला होता. घाव सारख्या अंतराने पडत नव्हते. मी म्हटलं, यंत्रात काहीतरी बिघाड आहे, बघून देऊ का?

"बिघाड नाही हो जावईबापू. माणूस दमतो. दमलेला माणूस घड्याळासारखा घाव घालतो का?"

हे असं. ऑफिसवाले या सगळ्याला 'सजावट' म्हणायचे, त्यावरही त्यांचा पारा चढायचा. "सजावट केकवर करतात," म्हणायचे.

पाचव्या वळणावर त्यांनी एक खोली केली होती. खडकात कोरलेली, खाणकामगाराची. एक टेबल, त्यावर कल्हई उडालेली थाळी, थाळीत अर्धी खाल्लेली भाकरी नव्हे, पाव. तो सिमेंटचाच, पण दात लागलेला दिसायचा. स्टूल मागे सरकलेलं, माणूस घाईने उठून गेल्यासारखं. खुंटीला शर्ट. तो शर्ट माझ्या बायकोने शिवला होता. दादांनी तिला आधी तो कोपरावर फाडायला लावला आणि मग ठिगळ लावायला. ठिगळाची बाजू भिंतीकडे होती. गाडीतून ती कोणालाही दिसणं शक्य नव्हतं.

"मग कशाला लावलंस?" मी बायकोला विचारलं.

"दादा म्हणाला, न लावलेलं दिसतं."

भावाबहिणीच्या अशा बोलण्यावर माझं डोकं फिरायचं. न दिसणारं ठिगळ नसलेलं कसं दिसेल? पण दोघांनाही ते कळत होतं आणि मला कळत नव्हतं, एवढंच त्यातून मला कळलं.

आता त्या खोलीसमोरून गाडी जायची दोन सेकंदांत. तीन महिने खपून केलेली खोली, आणि दोन सेकंद. एक दिवस दादा वर्कशॉपमध्ये चहाचे दोन कप घेऊन आले. ते स्वतः चहा घेऊन आले की समजायचं, काहीतरी मागायचं आहे.

"मला चार सेकंद द्या," म्हणाले.

मी सरळ नाही म्हटलं. खाली कोसळणाऱ्या गाडीला अधेमधे हळू करायचं म्हणजे काय? लोक पैसे मोजतात ते पोटात गोळा यावा म्हणून. तो आलेला गोळा पाचव्या वळणावर आपणच खाली बसू द्यायचा, आणि का, तर टेबलावरचा पाव बघा म्हणून? दादा चार दिवस रोज चहा घेऊन आले. पाचव्या दिवशी मोठ्या साहेबांकडे गेले आणि त्यांच्याकडून होकार आणला. मग मी पाचव्या वळणाच्या तोंडाशी मधला ब्रेक बसवला. काम चोख केलं, पण मनातून तो ब्रेक मला शेवटपर्यंत आवडला नाही. स्वतःच्या अंगावर दुसऱ्याच्या हौसेखातर आलेलं गळू वाटायचं ते मला.

तिथून जे सुरू झालं ते बारा वर्षं चाललं. कॅन्टीनमध्ये डबे उघडले की आमचं तोंड सुटायचं. बाकीचे लोक मुद्दाम आमच्या टेबलाजवळ बसायचे.

"दादा, अर्धी माणसं तुमच्या खाणीत डोळे गच्च मिटून बसतात."

"कुठे आहोत ते आधी बघतात, मग मिटतात. भीती रांगेत लागते, फिटर. तुमचं मशीन फार उशिरा येतं."

"मशीन बंद ठेवतो उद्या. तुमच्या खडकाला बघायला किती जण येतात ते मोजू."

"तुम्ही उजेड लावून चालवा. बघू किती ओरडतात."

त्यांच्याकडे एक पुरावा होता, आणि तो त्यांनी किमान पाचशे वेळा ऐकवला असेल. एकदा एक वयस्कर बाई गाडीतून उतरल्या, चष्मा सारखा केला आणि दारावरच्या माणसाला म्हणाल्या, "तो अर्धवट जेवून का उठला असेल?" दादा नेमके तिथे कठडा पुसत होते. त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला थांबले आणि बहिणीला ती गोष्ट तीनदा सांगितली.

"एक," मी म्हणायचो. "बारा वर्षांत एक बाई."

"विचारणारी एक," ते म्हणायचे.

इतकं असूनही आमच्यात कधी अबोला नव्हता. माझी मुलगी आजारी होती तेव्हा आठ दिवस दवाखान्यात माझ्या जागी दादा बसले होते. आमच्या घराच्या भिंतीचा रंग बघून नाक मुरडल्याशिवाय त्यांचा रविवार जात नसे. मी त्यांच्याशी भांडत होतो कारण त्यांच्याशी भांडायला मजा यायची. हे मला तेव्हा कळत नव्हतं, हा भाग वेगळा.

मग पार्क विकलं गेलं. नव्या कंपनीने एक बाई पाठवल्या. तरुण, शांत, सगळ्यांना अहोजाहो करणाऱ्या. हातात सतत एक टॅब. आम्ही त्यांना 'मोजणीवाल्या बाई' म्हणायला लागलो. त्यांनी प्रत्येक राईडचा खर्च काढला आणि खाणीपाशी येऊन थांबल्या. पाणी झिरपतं म्हणून पत्रा गंजतो, पोती कुजतात, खडकांची डागडुजी बारमाही. एवढं करून लोकांच्या आनंदात फरक किती पडतो, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न चुकीचा नव्हता. बारा वर्षं आम्ही तोच तर चघळत होतो.

बाईंनी ठरवलं ते असं. एक आठवडा गाडी खाणीसकट चालवायची. पुढचा आठवडा सगळी खाण काळ्या कापडाने झाकायची, आवाज बंद, पोती काढलेली, नुसता अंधार. बाहेर पडायच्या दाराशी पाच चेहऱ्यांचं यंत्र, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. उतरणाऱ्याने एक चेहरा दाबायचा. खाणीसकट आकडा जास्त आला तर खाण राहील. नाही आला तर पाडायची.

मला वाटलं दादा हातपाय गाळतील. ते तर खुश झाले.

"बरं झालं," म्हणाले. "आता एकदाचं तुमचं तोंड बंद होईल."

काळं कापड त्यांनी स्वतः चढवलं. माझ्या बायकोला बोलावून घेतलं, दोघांनी मिळून पट्टे जोडले. खडकाचं टोक मोडू नये म्हणून कापडाखाली जुन्या गाद्यांचा कापूस घातला. खोलीतली थाळी, स्टूल, काही हलवलं नाही. एक आठवड्याने परत उघडायचंच आहे, मग हलवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्या काळ्या आठवड्यातल्या पहिल्या सकाळी मी नेहमीप्रमाणे ट्रायलला बसलो. पहिली फेरी रिकामी, दुसऱ्या फेरीत पुढच्या डब्यात मी एकटा. गाडी कोसळली, चार वळणं सुसाट गेली, आणि पाचव्यावर मधल्या ब्रेकने तिला धरलं. समोर मिट्ट काळोख. ब्रेकची किरकिर. काही बघायला नाही, काही ऐकायला नाही, आणि गाडी आपली चार सेकंद रडतखडत चाललेली. मला शरम वाटली. आत्तापर्यंत निदान त्या हळू होण्याला कारण होतं. आता ते नुसतं बिघडलेल्या गाडीसारखं वाटत होतं, आणि गाडी माझी होती.

उतरलो, पॅनेल उघडलं, मधल्या ब्रेकचा स्विच खाली केला. धोका काहीच नव्हता. ब्रेक बसवायच्या आधी गाडी तशीच चालत होती. पुन्हा एक फेरी मारली. पाचव्या वळणावरून ती जी सुटली, अंधारात, सहाव्यात आदळल्यासारखी शिरली, माझ्याच तोंडून आवाज निघाला. बारा वर्षांनी गाडी माझ्या मनासारखी चालली होती.

बघायलाच काही नाही तर बघण्यासाठीचा ब्रेक कशाला, असा माझा हिशेब. कोणत्याही फिटरने तेच केलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण कोणत्याही फिटरने नोंदवहीत 'बदल' या रकान्यात 'नाही' लिहिलं नसतं. मी लिहिलं. ब्रेकला हात लावायचा तर लेखी परवानगी लागते आणि ती मागायला गेलो असतो तर बाई नको म्हणाल्या असत्या. आणि हेही खरं, की मला जिंकायचं होतं. आठवडा संपल्यावर दादांना सांगून हसायचं असं मी ठरवलं होतं. ते दोन शिव्या देतील, बाईंना सांगतील, परत मोजणी होईल. त्यापुढचा विचार मी केला नाही.

त्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये बसून मला किंकाळ्या ऐकू यायच्या, आधीपेक्षा लांब, आणि माझी मान ताठ व्हायची. शनिवारी संध्याकाळी स्विच वर केला.

पुढच्या सोमवारी बाईंनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. मोठे साहेब होते, दादा होते, मी होतो. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी टॅब आमच्याकडे वळवला. खाणीसकट पाचपैकी तीन पूर्णांक आठ. काळ्या कापडात चार पूर्णांक तीन.

दादा आकड्याकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला.

"उलटं तर नाही ना लागलं?" त्यांनी विचारलं.

"मीही तीनदा तपासलं," बाई म्हणाल्या. "मला स्वतःला ती खोली फार आवडते. मला वाटलं होतं फार तर सारखा येईल." मग माझ्याकडे वळल्या. "गाडीत दोन्ही आठवड्यांत काही फरक नव्हता ना? वेग, ब्रेक, काही?"

हीच ती वेळ होती. तोंड उघडायचं होतं. ब्रेकला विनापरवाना हात म्हणजे त्याच दिवशी घरी, हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पाळण्यावरचा एक जण त्याच कारणाने गेला होता. मी घसा साफ केला. तेवढ्यात दादाच बोलले.

"गाडीचं विचारू नका बाई. ती यांच्या हातात आहे. आमचं पटत नाही, पण यांच्या नोंदवहीत खोटं सापडायचं नाही."

"नाही," मी म्हणालो. "काही फरक नव्हता."

पाडायचं काम बाहेरच्या ठेकेदाराला देणार होते. दादा म्हणाले, मी करतो. नऊ दिवस लागले. मी दुसऱ्या दिवशी मदतीला गेलो तर त्यांनी मला उभं कुठे राहायचं ते दाखवलं, "इथे ढलपे उडतात," म्हणाले आणि हातोडा मारत राहिले. चौथ्या दिवशी माझी बायको त्यांचा डबा घेऊन गेली. ते खोलीत त्या टेबलाशीच बसले होते, स्टूल पुढे ओढून. तिथेच जेवले. तिने शर्ट मागितला.

"राहू दे. चुन्याने खाल्लाय," ते म्हणाले, आणि तिला घरी पाठवून दिलं. घरी येऊन ती ओट्याशी पाठ करून उभी राहिली आणि मी तिला काय झालं असं विचारलं. मिठाची गुळणी धरायची म्हणजे अशी, की समोरच्याला रडण्याचं कारणही आपणच विचारायचं.

शेड आतून काळी फासली. जोरात गाणी लावली. मधला ब्रेक बाईंनीच काढायला सांगितला, आता त्याचं काय काम म्हणून. तो मी परवानगी घेऊन, सही करून काढला. पहिला महिनाभर मी दाराशी घुटमळायचो. कोणीतरी विचारेल, अहो इथे खाण होती ना? खडक कुठे गेले? एकाने विचारलं असतं तरी मला हायसं वाटलं असतं. एकानेही विचारलं नाही. रांग तेवढीच. चेहरे हसरे.

दादांना कंपनीने काढलं नाही. कठडे, बाकं आणि पार्किंगमधले पट्टे रंगवायचं काम दिलं. आता 'रंगारी' हा शब्द बरोबर होता, आणि त्यावरून त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. रविवारी यायचे, चहा प्यायचे, जायचे. आम्ही बैठकीची भिंत नव्याने रंगवून घेतली, मुद्दाम भडक हिरवी, निदान त्यावर तरी बोलतील म्हणून. त्यांनी तिच्याकडे पाठ करून पेपर वाचला. कॅन्टीनमध्ये माझ्याच टेबलावर बसायचे, पण आजूबाजूच्या खुर्च्या आता रिकाम्या असायच्या. एकदा डबा बंद करताना म्हणाले, "फिटर, तुमचं खरं होतं. मीच आपला लोकांच्या तोंडात शब्द घालत होतो."

बारा वर्षं मला हे वाक्य ऐकायचं होतं. घास घशात अडकून मला ठसका लागला आणि दादांनीच मला पाणी दिलं.

असं वर्ष गेलं. एका दुपारी मी पार्किंगमधून चाललो होतो, तर दादा गाड्यांच्या जागांवर आकडे रंगवत बसले होते. गुडघ्याखाली पुठ्ठा, पत्र्याचा साचा, रोलर. मला बघून म्हणाले, "पोरीचा फोन आला होता."

पोरगी म्हणजे त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकलेली एक मुलगी. ती याच कंपनीच्या दुसऱ्या पार्कात लागली होती. तिथे तिने पाणबुडीची राईड आतून उभी केली होती, पाच वर्षं खपून. आता तिथल्या साहेबांच्या हातात आमच्याकडचा अहवाल आला होता. सजावटीने आनंदात भर पडत नाही, उलट आनंद कमी होतो, हे मोजून सिद्ध झालं आहे. तिची पाणबुडी काढायची म्हणत होते.

"तिने विचारलं, सर, हे खरं आहे का? तुमच्यासमोर मोजलं का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, हो, माझ्यासमोर मोजलं. मनाला लावून घेऊ नकोस." त्यांनी साचा उचलून पुढच्या चौकोनात ठेवला. "खोटं कशाला सांगू?"

मी त्यांच्याशेजारी डांबरावर बसलो. उन्हाने ते तापलं होतं.

"दादा, काळ्या आठवड्यात मधला ब्रेक बंद होता."

रोलर आकड्यावरून गेला, परत आला.

"कोणी केला?"

"मी. सोमवारी सकाळी. शनिवारी परत लावला."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण ते उभ्या उभ्या बोटांवर काहीतरी जुळवत होते. वर्षभरात त्यांच्या चेहऱ्यावर मी असं काही बघितलं नव्हतं.

"म्हणजे दोन गोष्टी बदलल्या," ते म्हणाले. "खाणही झाकली आणि गाडीही पळवली. आणि बाईंनी दोष सगळा खाणीला दिला. मग ती मोजणी कशाचीच नाही झाली."

"नाही झाली."

"लिहून द्या."

"काय?"

"हेच. चार ओळी. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ब्रेक बंद होता, आणि खाली सही. मी आजच पोरीला पाठवतो. माझं गेलं ते गेलं, तिचं अजून उभं आहे."

मी काय केलं सांगू? मी वाद घातला. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्याबद्दल. "दादा, पण नीट बघा. तो ब्रेक मुळात तुमच्या खोलीसाठीच होता. तो नसताना लोकांना जास्त मजा आली. म्हणजे शेवटी लोकांना ती चार सेकंद नकोच होती. अर्थ तोच निघतो ना?"

कदाचित निघतही असेल. आजही मला नक्की माहीत नाही. दादांनी ते ऐकून घेतलं, माझ्यासारखं तोडून टाकलं नाही.

"असेल तसंही," ते म्हणाले. "तेही लिहा. कोणाला परत मोजायचं असेल तर मोजतील."

"माझी नोकरी जाईल, दादा."

"हो," ते म्हणाले. "जाईल बहुतेक."

त्यांनी खाली बसून डब्याचं झाकण लावलं, रंग सुकू नये म्हणून, आणि माझ्याकडे बघत थांबले. मी म्हणालो, उद्या लिहून आणतो.

दुसऱ्या दिवशी ते कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर आले. मी म्हटलं, आज जमलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच उशिरा जेवायला गेलो. त्यानंतर ते पार्किंगमध्येच डबा खायला लागले. एकदाही त्यांनी आठवण केली नाही, बहिणीला सांगितलं नाही, बाईंकडे स्वतः गेले नाहीत. माझ्या तोंडून निघालेलं माझ्याच हातून लिहिलं जावं, एवढंच त्यांना हवं होतं बहुतेक. रविवारी येणंही बंद झालं.

दीड महिन्याने बायको त्यांच्याकडे जाऊन आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "त्या पोरीची पाणबुडी मोडली म्हणे. तिकडेही मोजणी केली वाटतं."

"मोजणी नाही केली. आमच्याच आकड्यावर भागवलं."

मग तिने मला विचारलं, आणि विश्वासाने विचारलं, कारण या बाबतीत घरात जाणकार मीच, "अहो, खरं सांगा. दादाचं काम खरंच असं होतं का, की नसलेलंच बरं?"

"तसं नाही," मी म्हणालो. "लोकांना वेग आवडतो."

तिने मान डोलावली आणि आत गेली.

मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत. रोज सकाळी ट्रायल घेतो, नोंदवहीत 'बदल' या रकान्यात 'नाही' लिहितो, आणि आता ते खरं असतं. त्या चार ओळी मी अजून लिहिलेल्या नाहीत. ही इतकी पानं लिहून झाली, कारण यांच्याखाली सही लागत नाही.